उबेन वस्तीवरची रोझी

आमच्या टिल्डन काउंटीत, म्हणजे अमेरिकेतल्या आमच्या जिल्ह्यात, रस्ता चुकायचा म्हटलं तर मुद्दाम ठरवून चुकावा लागतो. सगळे रस्ते एक तर उत्तर-दक्षिण, नाही तर पूर्व-पश्चिम. दर मैलाला एक चौक, चौकाच्या चारी अंगांना मका नाही तर सोयाबीन, आणि मधे कुठेतरी झाडांच्या आडोशाला एखादी वस्ती. मी जन्मभर काउंटीचा ग्रेडर चालवला. उन्हाळ्यात रस्त्याची खडी सारखी करायची, हिवाळ्यात बर्फ लोटायचा. एवढ्या वर्षांत स्टिअरिंग फिरवायची वेळ फारशी आली नाही, असं मी म्हणालो की माझी बायको म्हणते, "म्हणून तर घरातही तुला जरा वळ म्हटलं की जड जातं."

फक्त एक जागा वाकडी आहे. गावापासून उत्तरेला निघालेला मोठा रस्ता तिथे एकदम थांबतो, उजवीकडे वळतो, जरासा चालतो आणि पुन्हा डावीकडे वळून उत्तरेला लागतो. जुन्या मोजणीवाल्यांचं काम ते. पृथ्वी गोल आणि यांनी जमिनीवर आखलेले चौकोन सरळ, त्यामुळे उत्तरेकडे जाता जाता चौकोन रुंदीला कमी पडायला लागले. मग त्यांनी ठरावीक अंतरावर पुन्हा नव्याने मोजायला घेतलं, आणि खालचा रस्ता काही वरच्या रस्त्याला जुळेना. त्या जागेला आम्ही नुसतं 'वाकडा' म्हणतो. वाकड्यावर एक वस्ती आहे. लाल कोठार, पांढरं घर, मागे वारा अडवायला झाडांची रांग. तिथे रोझालिया व्होंद्राचेक राहायची. सगळे तिला रोझी म्हणायचे.

वस्तीला मात्र आम्ही उबेन वस्ती म्हणायचो, आणि रोझीचं आमच्याशी जे काही भांडण होतं ते एवढंच होतं.

आमच्याकडे वस्तीला जो राहतो त्याचं नाव लागत नाही. जो राहून गेला त्याचं लागतं. हे कुणी ठरवलेलं नाही, पण सगळे तसंच बोलतात. माझं घर माझ्या आजोबांनी घेतलं, तरी ती श्नेल वस्ती. श्नेल कोण, मला ठाऊक नाही. माझ्या वडिलांनीही त्याचं तोंड पाहिलेलं नव्हतं. मला त्याचं कधी काही वाटलं नाही. पत्ता सांगायला नाव लागतं, आणि जुनं नाव सगळ्यांच्या तोंडात बसलेलं असतं, मग बदला कशाला?

रोझीला वाटायचं. ती नदीपलीकडच्या चेक लोकांतली. आम्ही इकडचे जर्मन वळणाचे, चहा पिणारे, चर्चमध्ये मागचा बाक धरणारे, बोलायच्या आधी दोनदा घसा खाकरणारे लोक. त्यांच्याकडे कॉफी, बँड, नाच, आणि मनात आलं की लगेच तोंडात. तिच्या बापाच्या फाटकावर लोखंडी कमान होती आणि कमानीवर आडनाव. शाळेतून येताना लांबून ते नाव दिसायला लागलं की घर आलं, असं तिला लहानपणापासून माहीत. असं घर आपलंही असावं, आपण जिवंतपणी राहतोय तेव्हाच लोकांनी त्याला आपल्या नावाने ओळखावं, एवढी एकच हौस तिने आयुष्यभर जपली. बाकी तिला कपड्या-दागिन्यांची कसलीच हौस नव्हती, दोन चांगले झगे आणि एक हिवाळी कोट यांवर तिने चाळीस वर्षं काढली.

लग्नानंतर पहिली सहा वर्षं ती आणि तिचा नवरा एमिल गावाच्या दक्षिणेला एका भाड्याच्या शेतावर होते. छप्पर गळायचं, स्वयंपाकघरात वसंतात पाणी यायचं. तिथून पैसे साठवून त्यांनी वाकड्यावरची जागा म्हाताऱ्या योहान उबेनकडून घेतली. ताबा देताना उबेनने दोघांना स्वयंपाकघरात बसवून चहा पाजला आणि समाधानाने म्हणाला, "मी इथे तीस वर्षं काढली, लोक म्हणायचे हार्म्स वस्ती. आता तुम्ही आलात. आता लागेल माझं नाव."

रोझीला वाटलं, म्हातारा जरा भरकटलाय. घरी जाताना ती एमिलला तसं म्हणालीसुद्धा.

त्या जमिनीचा ईशान्येचा कोपरा म्हणजे डबकं होतं. आमची सगळी काउंटीच एके काळी दलदल होती. बदकं आणि डास यांच्याशिवाय इथे कुणी राहत नव्हतं. आमच्या पणजोबांनी जमिनीखाली भाजक्या मातीच्या नळ्या घालून पाणी ओढ्यात काढून दिलं, तेव्हा कुठे ही काळी माती हाताला लागली. आज ज्यांना इथली जमीन सपाट आणि कंटाळवाणी वाटते त्यांच्या पायाखाली केवढं काम पुरलेलं आहे ते त्यांना कळत नाही, आणि मी सांगायलाही जात नाही. तर तो कोपरा हार्म्सला जमला नाही, उबेनला जमला नाही. एमिल आणि रोझीने तो दोन शरद ऋतूंत कोरडा केला. एमिल चर खणायचा, रोझी गुडघ्यापर्यंत चिखलात उभी राहून नळीला नळी जोडायची. उतार एवढा कमी की नळी बोटभर वर-खाली झाली तर पाणी उलटं यायचं. तिसऱ्या वर्षी तिथे मका आला, आणि तो मका बघायला रोझीने चर्चमधल्या सगळ्यांना जेवायला बोलावलं.

जेवता जेवता ढेकर देऊन चर्चमधलाच गस मार्टेन्स म्हणाला, "उबेनच्या त्या कोपऱ्यात मका येईल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं."

रोझीने त्याच्यापुढचं ताट उचलून नेलं. त्याचं खाणं व्हायचं होतं.

फोनवर तर रोजचा तमाशा. गुरांचा डॉक्टर विचारायचा, "कुठून बोलताय?" ही म्हणायची, "व्होंद्राचेक. वाकड्यावर." तिकडून, "उबेन वस्ती का? मग तसं सांगा ना." ही म्हणायची, "उबेन फ्लोरिडात आहे. त्याची गाय आजारी असेल तर तिकडे जा." एमिल हे ऐकून पोट धरून हसायचा. तो शांत माणूस. त्याला लोकांनी काहीही नाव दिलं असतं तरी चाललं असतं, फक्त पेरणी वेळेवर व्हायला हवी.

शेवटी एका उन्हाळ्यात रोझी स्वतः शिडीवर चढली आणि कोठाराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर पांढऱ्या रंगाने आडनाव लिहिलं. एकेक अक्षर माणसाएवढं. एवढं लांब आडनाव, त्यामुळे शेवटची अक्षरं जराशी चेपली. मी ग्रेडर घेऊन तिथून चाललो होतो, थांबलो.

"कसं दिसतंय?" तिने वरून विचारलं.

"शेवटी दाटी झालीय," मी म्हटलं.

"वाचता येतंय ना?"

"वाचता येतंय."

"मग आता तरी म्हणाल?"

मी म्हटलं, म्हणू की. आणि त्याच संध्याकाळी घरी बायकोला सांगितलं, "उबेन वस्तीच्या कोठारावर रोझीने नाव लिहिलंय." जिभेला वळण लागलेलं असतं. गावात तर सगळेच असं सांगायला लागले, की पुढे जा, एक लाल कोठार लागेल, त्यावर मोठ्या अक्षरांत व्होंद्राचेक लिहिलंय, ती उबेन वस्ती.

वाकड्याचा आणखी एक उद्योग होता. गावातली पोरं नवीन गाडी शिकली की शनिवारी संध्याकाळी उत्तरेला सुसाट निघायची, आणि रस्ता वळला तरी ती वळायची नाहीत. सरळ रोझीच्या मक्यात. मी पाट्या लावल्या, बाण लावले, पिवळा दिवा लावला, तरी दर वर्षी तीन-चार पोरं आत. रोझीला याचा राग आलेला मी पाहिला नाही. ती ट्रॅक्टर काढायची, साखळी बांधायची, गाडी बाहेर ओढायची, आणि मग त्या थरथरत्या पोराला स्वयंपाकघरात बसवून कॉफी आणि कोलाचे द्यायची. कोलाचे म्हणजे त्यांच्याकडचे मऊ गोड पाव, मधे खसखशीचं नाही तर आलुबुखाऱ्याचं सारण. खाऊन झालं की ती प्रत्येकाला एकच गोष्ट सांगायची, "घरी विचारलं कुठे होतास, तर सांग, व्होंद्राचेककडे."

पोरं घरी गेल्यावर अर्थातच काही सांगायची नाहीत. बापाची गाडी मक्यात घातली हे कोण सांगतो?

मग ती आग लागली. एमिल दुपारी कणगीपाशी वेल्डिंग करत होता. कणगी म्हणजे मक्याची कणसं वाळवायची लाकडी पट्ट्यांची जाळीदार खोली. ठिणगी पडायला त्यापेक्षा सोयीची जागा नाही. रोझी घरात धावली आणि तिने गावात आगीचा फोन लावला. एमिल मागून ओरडत होता, "उबेन म्हण, उबेन वस्ती म्हण." पण रोझीच ती. तिने फोनवर स्वच्छ सांगितलं, "व्होंद्राचेक वस्तीवर आग लागलीय, लवकर या," आणि फोन ठेवून दिला.

गावात भोंगा वाजला. आमच्याकडे आग विझवणारे सगळे हौशी. कुणी न्हावी, कुणी धान्य तोलणारा, कुणी माझ्यासारखा. बंबावर आम्ही सहा जण चढलो. गस मार्टेन्स चालवत होता, मी शेजारी. "कुठे?" त्याने विचारलं. "व्होंद्राचेक वस्ती," फोन घेतलेला मागून म्हणाला. गसने बंब वळवला आणि दक्षिणेला सोडला.

कारण व्होंद्राचेक वस्ती होती. दक्षिणेला होती. एमिल आणि रोझी जिथे सहा वर्षं भाड्याने राहून गेले ते शेत. ते गेल्यापासून सगळी काउंटी त्या शेताला व्होंद्राचेक वस्ती म्हणत होती. रोझीला तेवढं ठाऊक नव्हतं, कारण ज्याचं नाव आहे त्याच्या तोंडावर असं कुणी म्हणत नाही. तिच्यापुढे आम्ही म्हणायचो, "तुम्ही आधी होता ना, तिथे."

भोंगा वाजवत आम्ही तिथे पोचलो. तिथे आता सायमन आयलर्स राहायचा. तो जेवणावरून उठून गळ्यातला रुमाल तसाच ठेवून पायरीवर आला.

"काय पेटलंय?" त्याने विचारलं.

"तू," गस म्हणाला.

सायमनने मागे वळून घराकडे पाहिलं, मग कोठाराकडे, मग स्वतःकडे. "मी नाही," तो म्हणाला. आणि मग आमच्या डोक्यावरून उत्तरेला बोट दाखवून म्हणाला, "ते तिकडे कोण जळतंय मग?"

आम्ही मागे पाहिलं. जमीन सपाट, त्यामुळे सात मैलांवरचा धूर सरळ उभा दिसत होता. सगळी वाट आमच्या पाठीमागे तो धूर होता आणि सहांपैकी एकानेही मान वळवली नव्हती.

"ती उबेन वस्ती," गस म्हणाला, आणि मग त्याचा चेहरा उतरला.

आम्ही वाकड्यावर पोचलो तेव्हा कणगीची राख झाली होती. घर आणि कोठार वाचलं होतं, कारण एमिल आणि रोझी या दोघांनीच पाण्याचा मारा करून कोठाराची भिंत ओली ठेवली होती. रोझीच्या हातात नळी होती, भुवया जळल्या होत्या आणि नाकाला काजळी लागली होती. तिने आधी बंबाकडे पाहिलं, मग गसकडे.

"कुठे गेला होता?"

"व्होंद्राचेक वस्तीवर," गस म्हणाला. दुसरं काय सांगणार?

"आणि मी कुठे उभी आहे?"

गसने टोपी काढली, घसा खाकरला. "उबेन वस्तीवर."

 मग एमिल हसायला लागला. आधी हळू, मग त्याला आवरेना, तो राखेच्या कडेला बसूनच हसायला लागला. रोझीने नळी त्याच्याकडे वळवली आणि त्याला डोक्यापासून पायापर्यंत भिजवलं. आम्हालाही थोडं लागलं. मग तीही हसली, पण तिचे डोळे भरलेले होते, आणि ते धुरामुळे नव्हते हे मला कळत होतं.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर तिने एमिलला गाडी दक्षिणेला घ्यायला लावली. आयलर्सच्या फाटकासमोर गाडी उभी करून ती बराच वेळ बघत बसली. मी मागून चाललो होतो. काही बिघडलंय का म्हणून थांबलो.

"ही व्होंद्राचेक वस्ती," तिने काच खाली करून मला सांगितलं. "छप्पर गळायचं. उंदीर पिठात. सहा वर्षं मी हिला शिव्या घातल्या, आणि माझं नाव तुम्ही हिला दिलं. जिथे मी चिखलात उभी राहिले त्या जागेला नाही."

"आम्ही दिलं नाही," मी म्हटलं. "लागलं."

"म्हणजे तिथे माझं नाव लागायचं तर मला ते घर सोडावं लागेल?"

"सोडावं लागेल," मी म्हटलं. "नाही तर मरावं लागेल."

"तू फार धीर देतोस, हार्लन."

एमिल म्हणाला, "चल आता, बटाटे लागतील खाली." ती काच वर करता करता मला म्हणाली, "मग राहू दे उबेन. मी हलणार नाही." आणि तिने ते खरं केलं. त्या दिवसानंतर फोनवर कुणी "उबेन वस्ती का?" म्हणालं की ती शांतपणे "हो" म्हणायची. घर हवं की नाव, या सवालात तिने घर घेतलं होतं. मला त्या वेळी वाटलं, शहाणी झाली. आमच्या लोकांना गप्प बसलेला माणूस शहाणाच वाटतो. पण ती "हो" म्हणायची तेव्हा एमिल हसायचा थांबला होता, हेही मी पाहिलं होतं.

पुढची वर्षं चांगली गेली. रोझी-एमिलच्या मुली शिकून लांब गेल्या, त्यांची लग्नं झाली. कणगी पुन्हा कुणी बांधली नाही. तोवर सगळे मका यंत्रानेच काढून पत्र्याच्या गोल कोठ्यात साठवायला लागले होते. पोरं मक्यात येत राहिली. एमिल एका ऑक्टोबरात, कापणी निम्मी झालेली असताना, दुपारी आडवा झाला तो उठला नाही. त्या शुक्रवारी अकरा कापणी यंत्रं न बोलावता वाकड्यावर आली आणि अंधार पडायच्या आत तिचं उरलेलं सगळं शेत काढून गेली. गस मार्टेन्स सत्तरीचा होता, तोही ट्रॅक्टरवर होता. रोझीने सगळ्यांना जेवू घातलं, गसला दोनदा वाढलं.

ती एकटीच तिथे आणखी बारा वर्षं राहिली. जमीन कसायला दिली, घर आणि कोठार स्वतःकडे ठेवलं. मग कंबरेचं हाड मोडलं, आणि मुलींनी ठरवलं तेच शेवटी तिलाही ठरवावं लागलं. जागा एका तरुण जोडप्याने घेतली. त्यातली मुलगी, ब्रिटा, बोलकी आणि कामाची. रोझी तिला म्हणाली, "कोठारावरचं नाव पुसून टाक, तुमचं लिही." ब्रिटा म्हणाली, "अहो, एवढं छान दिसतंय. राहू दे."

रोझी गावात राहायला आली. गस वारल्यावर त्याचं छोटं घर रिकामं होतं, ते तिने घेतलं. गावात सगळे त्याला मार्टेन्सचं घर म्हणतात.

"जन्मभर उबेनकडे राहिले," ती मला म्हणाली, "आणि आता मरेपर्यंत गसकडे. लोक काय म्हणतील?"

चेष्टा ती स्वतःच करायची, पण वाट बघत होती. वस्ती सोडली, आता नाव लागायला हवं होतं. उन्हाळा गेला. कॅफेत म्हाताऱ्यांच्या टेबलावर कुणी म्हणायचं, "उबेन वस्तीवर त्या नव्या पोरांनी बकऱ्या आणल्यात," आणि शेजारच्या टेबलावर रोझी कपातली कॉफी ढवळत बसायची. ढवळायला त्यात साखर नसायची. एकदा बाहेर पडताना ती मला म्हणाली, "सोडूनही झालं नाही बघ. आता दुसराच उपाय उरला." हसत म्हणाली. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण गेलं नाही. पन्नास वर्षं मीही तेच म्हणत आलो होतो, आणि एका माणसाने म्हणून काय होणार, असं स्वतःला समजावत होतो.

त्याच हिवाळ्यात, फेब्रुवारीत, चर्चमध्ये बुधवारचं जेवण होतं. रोझीला न्यायचं काम माझ्याकडे. काउंटीच्या गाडीत परक्याला बसवायचा नियम नाही, पण नियम करणाऱ्यांना रोझीचे कोलाचे माहीत आहेत. ती मांडीवर परात घेऊन बसली होती, वर फडकं. वारा सुटला होता, बर्फ रस्त्यावरून आडवा वाहत होता. गाडीतला वायरलेस खरखरला. डीन होता, रस्त्यांच्या कामावरचा आमचा साहेब. साहेब म्हणजे माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी लहान.

"हार्लन, जेवण झालं की ग्रेडर काढ. व्होंद्राचेकपाशी बर्फ धरतंय."

मी रोझीकडे पाहिलं नाही. "दक्षिणेला का?" मी विचारलं.

"दक्षिणेला काय आहे? वाकड्यावर रे. व्होंद्राचेक वस्ती."

"उबेन वस्ती म्हणतोयस तू."

"ते तुम्ही म्हाताऱ्यांनी म्हणा. उबेन कोण, कुणी पाहिलाय? आम्ही शाळेपासून व्होंद्राचेकच म्हणतो."

फडक्यावरचे रोझीचे हात थांबले. ती हळूच म्हणाली, "विचार त्याला, शाळेपासून म्हणजे कधीपासून."

मी बटण दाबून विचारलं. डीन हसला. "मी गाडी मक्यात घातली तेव्हापासून. सतरा वर्षांचा होतो. गाडीचे दिवे सरळ कोठारावर, ही एवढी अक्षरं, मला वाटलं संपलो. मग मिसेस व्होंद्राचेकनी ओढून काढलं आणि खायला घातलं. आमच्या वर्गातली निम्मी पोरं तिथे जाऊन आली असतील. 'काय, व्होंद्राचेकला जाऊन आलास का?' असंच विचारायचो एकमेकांना. घरी नाही बोलायचो, मार बसला असता. का रे? कोण विचारतंय?"

रोझीने माझ्या हातातून माइक घेतला. कुठलं बटण दाबायचं ते तिने बघून ठेवलं होतं.

"मी विचारतेय, डीन."

 पलीकडून घसा खाकरल्याचा आवाज. "मिसेस व्होंद्राचेक. आम्ही ते... म्हणजे वाईट अर्थाने नाही म्हणायचो."

"कुठल्याही अर्थाने म्हण," ती म्हणाली, आणि माइक मला परत दिला.

चर्च समोर दिसत होतं. खिडक्यांत उजेड होता, दारात बायका भांडी घेऊन चालल्या होत्या. रोझी समोर बघत म्हणाली, "मी तिथे राहत होते तेव्हाच ती पोरं तसं म्हणत होती."

"हो," मी म्हटलं.

"एमिलही होता तेव्हा."

 तिने परातीवरचं फडकं बाजूला केलं आणि एक कोलाच माझ्या हातात ठेवला. जेवणाआधी तिने असं कधीच कुणाला दिलेलं नव्हतं.

"चर्च राहू दे जरा," ती म्हणाली. "आधी व्होंद्राचेक वस्तीवरून घे."

"जेवणाला उशीर होईल."

"होऊ दे."

मी गाडी वळवली. वाकड्यावर पोचलो तेव्हा उजेड कमी झाला होता. वळणाआधी मी थांबलो, तेव्हा गाडीच्या दिव्यांचा झोत वाहत्या बर्फातून सरळ कोठारावर पडला. रोझीने ते नाव सावकाश वाचलं, पहिल्या अक्षरापासून त्या चेपलेल्या शेवटच्या अक्षरापर्यंत.

"रंग द्यायला झालाय," ती म्हणाली. "ब्रिटाला सांगायला हवं."